भूमितीत प्रिलिमला ४० पैकी १३. बोर्डाला महिना उरलाय, काय करू?

घणसोलीची_दहावी:
नमस्कार. मी घणसोलीला राहते, मराठी माध्यम, यंदा दहावी. प्रिलिमचे पेपर हातात मिळाले. भाषा, इतिहास, विज्ञान ठीक आहेत. बीजगणितात २८ आले, पण भूमितीत १३. क्लासचे सर म्हणतात, आता प्रमेयांच्या नादी लागू नकोस, रचना आणि सूत्रं कर, पास होशील. पण मला नुसतं पास व्हायचं नाहीये, अकरावीला सायन्स घ्यायचंय.

प्रमेय मी रात्री पाठ करते आणि सकाळी आईला म्हणून दाखवते. तेव्हा सगळं येतं. पेपरात आकृती जरा फिरवून दिली किंवा अक्षरं बदलली की हात थांबतो. घर वन रूम किचन. बाबांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, आणि संध्याकाळी समोरच्या मैदानात हळदीचे डीजे. बाबा ठाण्याला क्रॅश कोर्स लावू म्हणाले होते, फी ऐकून मीच नको म्हटलं. महिनाभरात भूमिती खरंच सुधारते का?

नौपाड्याच्या_बाई:
बाळ, सुधारते. मी ठाण्यात मराठी शाळेत गणित शिकवलं आणि बोर्डाचे पेपरही तपासलेत, त्यामुळे हे तुला खात्रीने सांगते.

तू 'पाठ करते, म्हणून दाखवते' असं लिहिलंस, गाडं तिथेच अडलंय. प्रमेय हाताने उतरवायचं असतं. आत्ता पुस्तक मिटव आणि कोरा कागद घे. वर्तुळ काढ, केंद्र ओ. बाहेर एक बिंदू पी घे आणि तिथून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढ, स्पर्शबिंदू ए आणि बी. पीए आणि पीबी सारखे आहेत हे दाखवायचंय. पक्ष म्हणजे दिलेलं आणि साध्य म्हणजे दाखवायचं, ते लिहून झालं की स्वतःला एकच विचार: सारख्या दाखवायच्या बाजू कोणत्या दोन त्रिकोणांत बसतात? आकृतीत त्रिकोणच नाहीत, म्हणजे ते काढावे लागणार. ओए, ओबी, ओपी जोड. हीच तुझी रचना. ओए आणि ओबी एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. ए आणि बीपाशी काटकोन, कारण स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. ओपी दोन्ही त्रिकोणांचा कर्ण. कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून संगत बाजू पीए आणि पीबी एकरूप. संपलं.

आता कागद उलटा धर, अक्षरं बदल, ओच्या जागी एम कर आणि पुन्हा लिही. हे जमलं की पेपरात आकृती कशीही येऊ दे, हात थांबणार नाही.

प्रत्येक विधानासमोर कारण लिहायचंच. गुण पायरीवार मिळतात. शेवट चुकला तरी वरच्या बरोबर पायऱ्यांचे गुण कुणी काढून घेत नाही. पण नुसता कोरा प्रश्न सोडलास तर तपासणारा इच्छा असूनही काही देऊ शकत नाही, आणि ते कोरे पेपर बघताना जीव तुटतो गं. रचनेत कंसाच्या खुणा खोडू नकोस, त्याच बघतात. पेन्सिलला टोक हवं.

प्रमेयं सोडायचा सल्ला मला पटत नाही. समरूपता आणि वर्तुळ ही दोन प्रकरणं सोडलीस तर उदाहरणंसुद्धा सुटायची नाहीत, कारण ती प्रमेयांवरच उभी आहेत. आधी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून कर, मग सरावसंच, मग संकीर्ण प्रश्नसंग्रह. अपेक्षित प्रश्नसंच त्यानंतर. पुस्तक फाटलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. क्रॅश कोर्सची गरज नाही.

कोपरखैरणे_दादा:
आवाजाचं मी सांगतो, आमच्याकडेही हेच होतं. रात्री १० नंतर डीजे वाजला तर ११२ ला फोन करायला सांग, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. बाबांनाच करू दे, तू त्यात पडू नकोस. संध्याकाळी जवळपास अभ्यासिका असेल तर तिथे बस. मी पहाटे भूमिती करायचो आणि संध्याकाळच्या गोंगाटात मराठीचं उपयोजित लेखन, पत्र, बातमी, सारांश. आवाजात ते होतं, प्रमेय होत नाही. कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला ८० पैकी २४ गुण आहेत, ते हलक्यात घेऊ नकोस.

दोन_मुलींची_आई_ऐरोली:
बेटा, घड्याळ लावून पूर्ण पेपर लिही. दोन तास, मध्ये पाणी प्यायलाही उठायचं नाही. माझ्या मोठीला सगळं यायचं, पण शेवटचे प्रश्न राहून जायचे. बोर्डाचा पेपर सकाळी ११ चा असतो, तर शक्यतो त्याच वेळेला लिही. बाबा झोपलेले असले तरी लिहिण्याचा आवाज होत नाही.

घणसोलीची_दहावी:
बाई, स्पर्शिकाखंडाचं प्रमेय न बघता आलं! उलटा कागद धरूनसुद्धा. दुसऱ्या वेळी 'स्पर्शिका त्रिज्येला लंब' हे कारण लिहायचं राहिलं होतं, मग परत लिहिलं. दादा, बाबांना नंबर दिलाय. पण बाई, त्रिकोणमितीतली उंचीची गणितं? तिथे सूत्र येतं, आकृती येत नाही.

नौपाड्याच्या_बाई:
शाब्बास. उंचीच्या गणितात आधी जमिनीची आडवी रेघ मार, मग त्यावर इमारत किंवा झाड उभं कर. माणूस खाली आणि बघतोय वर, तर उन्नत कोन. तो जमिनीशी, माणसाच्या जागी लिही. माणूस वर असेल आणि खाली बघत असेल तर अवनत कोन. त्यासाठी माणसाच्या डोळ्यातून एक आडवी तुटक रेघ काढ, कोन त्या रेघेच्या खाली येतो. हीच रेघ मुलं काढत नाहीत आणि कोन इमारतीला चिकटवून टाकतात. मग बघ, कुठली बाजू दिलीय आणि कुठली हवीय. उंची आणि जमिनीवरचं अंतर असेल तर टॅन. तिरकी बाजू आली, शिडी किंवा पतंगाचा दोरा, की साइन नाहीतर कोसाइन.

उद्या कोनदुभाजकाचं प्रमेय घे. त्याच्या नेहमीच्या सिद्धतेत दुभाजकाला समांतर रेषा काढावी लागते, म्हणून रचना आधी. अडलीस तर कुठल्या पायरीला अडलीस ते इथे लिही, मी रात्री जेवणं झाल्यावर बघते.