कुत्र्या-मांजरांच्या खाद्याला आयएसआय सक्तीचं करावं का?

नौपाड्याचा मोत्या
आमचा मोत्या नऊ वर्षांचा, अस्सल गावठी. जुलैत जवळच्या दुकानातून सुटं खाद्य आणलं, गोणीतून किलोवर तोलून देतात ते. तीन दिवस उलट्या. खाद्यामुळेच झालं, हे सिद्ध करता येत नाही. गोणी कुठली, उघडून किती दिवस झाले, दुकानदारालाच पत्ता नाही! २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नापुरता. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे भारतीय मानक आहे, आयएसआयचा शिक्का त्यावरच मिळतो, पण ऐच्छिक. ते सक्तीचं करा आणि सुटी विक्री बंद करा, असं माझं स्पष्ट मत.

कोपरीकर
बंद करा म्हणायला काय जातं? मी रोज रात्री सोळा-सतरा भटक्यांना खायला घालतो, खिशातून. सीलबंद पाकिटं परवडली असती तर गोणीकडे गेलो असतो का? सुटं बंद झालं की ही कुत्री परत ग्लुकोज बिस्किटांवर. तुमच्या मोत्याला निदान घरचा भात तरी आहे.

येऊरच्या पायथ्याशी
मग घरचंच घाला की सगळ्यांना. आमच्या आजीची कुत्री दूध-भाकरीवर म्हातारी झाली. हे दाणे आत्ता आले.

नेरुळची मनी
आजीची कुत्री दिवसभर गावभर काय काय खाऊन यायची, ते आजीला कुठे माहीत होतं! आमच्या सोसायटीतलं लॅब्राडोरचं पिल्लू निव्वळ उकडलेलं चिकन आणि भात खायचं. प्रेमानं हो, अगदी निवडून. पाय वाकले. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर, मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेतं. मांजरांचं आणखी वेगळं. त्यांना टॉरिन हे अमिनो आम्ल खाण्यातून मिळावंच लागतं, नाहीतर हृदयाचे स्नायू ढिले पडतात, डोळेही जातात. हृदयाचं हे कारण १९८७ मध्ये उलगडलं, त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. दूध-पोळीवर मांजर वाढवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

येऊरच्या पायथ्याशी
बरं, कॅल्शियमचं मान्य. पण शिक्क्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? २००७ मध्ये अमेरिकेत काय झालं? चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिकसाठीचं रसायन घातलेलं होतं. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणतात. मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला. कागदावर प्रथिनं झकास, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री-मांजरं मेली. एवढ्या कडक देशात!

नौपाड्याचा मोत्या
पण तिथे कोणता माल परत मागवायचा हे शोधता तरी आलं. पाकिटावर बॅच होती म्हणूनच ना? माझ्या गोणीचं काय मागवणार? शिवाय ठाण्याचा पावसाळा. खाद्यातल्या मक्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, ते शिजवूनही जात नाही. यकृतच पकडतं.

कोपरीकर
बुरशीचं पटलं. मी महिनाभराची गोणी घेऊन जिन्याखाली ठेवतो, ती चूक माझीच. पण तरी बंदी नको. दुकानदारानं गोणीवरचं लेबल कापून डब्याला चिकटवावं, उघडल्याची तारीख टाकावी, सुट्या पिशवीवर बॅच लिहून द्यावी. याला पाच रुपये जास्त पडले तर देईन. सक्ती करायचीच तर ही करा.

नेरुळची मनी
दुकानदार तारीख रोज पुसून नवी टाकेल, त्याचं काय?

कोपरीकर
टाकेल. म्हणून तर मी उद्यापासून गोणी माझ्यासमोरच फोडायला लावणार आहे.