घरच्या बागेतले दिवे: तुम्ही कुठे, कसे लावलेत?

जुळे सोलापुरात घर बांधतोय. पुढे जुना कडुनिंब, कडेला मोगरा आणि पारिजातक. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस मावळल्याशिवाय अंगणात पाय ठेवता येत नाही, म्हणजे बाग खरी रात्रीचीच. वायरिंगआधी दिव्यांचं ठरवायचंय. स्वतःचा अनुभव सविस्तर लिहा.

होटगी रोडवरून:
यादी नंतर करा. आधी अंधार पडल्यावर बागेत फिरा आणि पाय कुठे अडखळतो ते बघा. पायरी, नळ, मोटरीचं बटण, फाटक. आमच्याकडे पावसाळ्यात विंचू निघतात. म्हणून वाटेवर गुडघ्याएवढे, वरून झाकलेले दिवे घेतले. उजेड जमिनीवर पडतो, डोळ्यांत जात नाही.

अक्कलकोट रोडवरून:
मी वायरिंगचीच कामं करतो, म्हणून जरा लांबण लावतो. बागेत जमीन ओली असते, तेव्हा शक्यतो 12 व्होल्टचे दिवे घ्या. मात्र वायर लांबली की शेवटचे दिवे मंद होतात. त्यासाठी जाड वायर वापरा किंवा ड्रायव्हर (230 चे 12 व्होल्ट करणारा डबा) मधोमध, आडोशाला बसवा. 230 व्होल्टची लाइन न्यायचीच असेल तर आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली), चोख अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, यात काटकसर नको. दिव्यावर आयपी 65 बघा, हा धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा. 6 धुळीसाठी, 5 पाण्याच्या फवाऱ्यासाठी. पाणी साचतं तिथे 67. आणि पुढे वायर ओढता यावी म्हणून फरशीखालून एक रिकामा पाइप आत्ताच टाका.

शेळगीहून:
मी सोलर लावले. ऊन भरपूर, पण धूळही तेवढीच. पॅनल पुसत राहावं लागतं. चाळिशीपार उष्णता बॅटरीला मानवत नाही. वाटेला ठीक आहेत, पायरीला वायरचाच दिवा ठेवा.

विजापूर रोडवरून:
6500 केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) पांढरे दिवे काढून 2700चे पिवळसर लावले, किडे बरेच कमी झाले. कडुनिंबावर खालून झोत टाकू नका, ही कळकळीची विनंती. तिथे पाखरं झोपतात. आमचे दिवे टायमरवर रात्री दहाला बंद होतात.

धागाकर्ता:
झाडावरचा झोत रद्द! पाइप लगेच टाकून घेतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा जादा उजेडाचं काय करता?

अक्कलकोट रोडवरून:
तेवढ्यापुरती माळ सोडायची. त्यासाठी बाहेर झाकणाचा, पाणी न शिरणारा सॉकेट आत्ताच काढून ठेवा, त्याच आरसीसीबीवर.