पोरं फौजेत देशासाठी जातात की पोटासाठी?

प्रश्न: नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात. चुलतभाऊ वीस वर्षांचा, पहाटे साडेचारला उठून कच्च्या रस्त्यावर पळतो, बुटाचा तळ फाटलाय म्हणून आत पुठ्ठा घातलाय. त्याला म्हटलं अरे अग्निवीर चारच वर्षं, पेन्शन नाही, मग कशाला? तर म्हणतो दुसरं काय हाय हितं. तीन एकर जिरायत. झोप लागली नाही मला.

उत्तर १: दादा, मी बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, पंधरा वर्षांवर पेन्शन घेऊन आलो. त्या पेन्शनवर बहिणीचं लग्न झालं, विहीर झाली. पोटासाठीच गेलो होतो, सांगायला लाज नाही. पण आपल्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी बघा, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आजही घरटी फौजी. तिथं पोरगं लहानपणापासून आजोबांची मेडलं बघतं, ते नुसत्या दुष्काळानं होत नाही.

उत्तर २: हिशोब पण बघा ना. पहिल्या वर्षी पगार ३०,०००, त्यातले ३० टक्के सेवा निधीसाठी कापून हातात २१,०००, आणि चार वर्षांनी सुटताना त्या निधीचे एकरकमी साधारण ११.७१ लाख. मी एमआयडीसीत कंत्राटावर आहे, बारा तास उभं राहून एवढं हातात पडत नाही. भीती एकच, कायम फक्त २५ टक्के होणार, बाकीचे परत गावातच. आणि आता मुलीकडचे पण विचारतात, चार वर्षांनी काय?

उत्तर ३: एक सांगू का, एकदम गरीब घरचा पोरगा भरतीच्या ग्राउंडपर्यंत पोचतच नाही. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारून पूर्ण मार्क घ्यायचे तर दूध, अंडी, अकॅडमीची फी लागते, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोरानं कुठून आणायचं? शिवाय दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतंच. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेत, आजोबाही फौजेत, आणि तरी १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहिली थेट १९४१ ला. आमच्या आज्याला वर्दीनं पगार दिलाच, पण गावात मान वर करून चालता आलं ते जास्त मोठं होतं.

प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार. फौजीकाका, त्याला तुमच्याशी बोलायचंय, मेसेज करतो. बूट मी उद्या घेतोय.