बारा वर्षांच्या पोरांनी दहा मिनिटांत ड्रॉ करावा का?

जुळेसोलापूरकर: काल आपल्या सोलापुरातच १३ वर्षांखालच्यांची बुद्धिबळ स्पर्धा होती. शेवटचा राउंड, पहिला बोर्ड, दोघांचे पॉइंट सारखे. चार चाली झाल्या की नुसते घोडे पुढेमागे, तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली की नियमानं ड्रॉ मिळतो, म्हणून आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलावलं, संपलं! दोघंही बक्षिसात. आत्तापासनं असला हिशोब करत बसली तर ही पोरं लढणार कधी ओ?

वजीरबाजू: नियमात बसतंय की. २०१८ ला लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन-कारुआनाचे बाराच्या बारा क्लासिकल (लांब वेळेचे) डाव ड्रॉ झाले, बाराव्यात तर कार्लसनचं पारडं जड होतं, घड्याळात वेळ पण जास्त, तरी त्यानं ३१व्या चालीला ड्रॉ मागितला आणि रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) कारुआनाला ३-० नं उडवला. त्यानं केलं की डोकं, आपल्या पोरांनी केलं की भित्री?

जुळेसोलापूरकर: अहो ३१ चाली खेळला ना तो!

पटावरचीआई: ड्रॉला सरसकट नावं ठेवू नका. माझी लेक त्याच हॉलमध्ये खालच्या बोर्डावर दोन प्याद्यांनी मागं होती. शेवटचा घोडा देऊन एक प्यादं मारलं आणि राजा पळवत कोपऱ्यात नेला. समोरच्याकडं एच पट्टीवरचं प्यादं आणि उंट, पण उंट पांढऱ्या घरांचा आणि प्यादं जिथं वजीर होणार तो कोपरा काळा, मग काय, तिच्या राजाला तिथनं हुसकताच येईना, ड्रॉ. घामाघूम झालती पोरगी. तिचा अर्धा पॉइंट आणि पहिल्या बोर्डाचा अर्धा पॉइंट कागदावर सारखाच, हेच खटकतं मला.

हत्तीघोडा: २०२३ च्या वर्ल्ड ब्लिट्झला (अगदी झटपट डावांची जागतिक स्पर्धा) समरकंदमध्ये नेपोम्नियाची आणि दुबोव हे ग्रँडमास्टर असेच घोडे नाचवून ड्रॉ करून बसले, दोघांनाही शून्य दिलं. इथं पण द्या.

वजीरबाजू: तिथं आधी ठरवल्याचं दिसत होतं. बारा वर्षांच्या पोराला काय पुराव्यावर शून्य देणार बे?

जुळेसोलापूरकर: मग तीस चालींच्या आत ड्रॉ नाही असा नियम लावा.

वजीरबाजू: तो ड्रॉ मागण्यावर लागतो, पोझिशन तीनदा आली तर कोण अडवणार? त्यापेक्षा पालकांना हॉलच्या दारातनं हाकला. मी पण होतो काल तिथं, पांढरीवाला पोरगा प्रत्येक चालीआधी दाराकडं बघत होता.