शब्दचर्चा: शंका ‘येणे’ आणि शंका ‘घेणे’

केळफूल
एक शब्द हवा आहे. मी वसईची, कॅथलिक. आमच्या महिला गटासाठी दोन पानी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय तो आजार, ज्यात ‘आपल्या हातून पाप तर झालं नाही ना’ ही शंका माणसाला सोडत नाही आणि ज्याला इंग्रजीत ‘स्क्रुप्युलॉसिटी’ म्हणतात. गळ्यात पडायचं कारण सरळ आहे. मला तो होता, आणि गोळी अजून चालू आहे.

शब्द नेमका कशासाठी हवा ते सांगते. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. रांगेत माझा नंबर येतो, फादर समोर होस्ती (पवित्र भाकरीची पातळ चकती) धरून म्हणतात, “ख्रिस्ताचे शरीर.” मी “आमेन” म्हणायचं. तेवढ्यात डोक्यात उमटतं, ‘हा तर नुसता पिठाचा पापुद्रा.’ मी म्हटलेलं नसतं, मला म्हणायचंही नसतं. पण उमटतं. मग बाकावर बसून हिशेब सुरू: आमेन विश्वासाने म्हटलं की नुसत्या तोंडाने? कम्युनियन, म्हणजे ती होस्ती, घेतलं ते पाप झालं का? शनिवारी फादरपुढे पापं कबूल करायला, पापनिवेदनाला जायचं. बाहेर आल्यावर वाटायचं, नीट सांगितलं नाही, परत रांगेत. एकदा एकाच संध्याकाळी तीनदा गेले. घरी रोझरी, म्हणजे आमची जपमाळ, म्हणताना एखादी ‘नमो मारिये’ ही प्रार्थना लक्ष नसताना गेली की पहिल्यापासून. त्रेपन्नाच्या जागी किती व्हायच्या देव जाणे.

पत्रकात ‘पापभीरू’ लिहिलं तर आमच्या बायका म्हणतील, मग चांगलंच आहे की! ‘शंकेखोर’ म्हटलं तर नवऱ्यावर पाळत ठेवणारी डोळ्यांसमोर येते. काय लिहू?

गुंजभर
पापभीरू बाद, सहमत. लग्नाच्या स्थळाच्या माहितीत लिहायचा शब्द आहे तो. ‘काटेकोर’ही नको, ती तर शाबासकी.

मूळ शब्द मजेदार आहे. लॅटिनमध्ये ‘स्क्रुपस’ म्हणजे टोकदार दगड आणि ‘स्क्रुपुलस’ म्हणजे त्याचं पिल्लू, बारीक खडा. चपलेत शिरलेला खडा डोळ्यांनी बघावा तर एवढासा, पण पाऊल टाकू देत नाही. त्याच कुळातून पुढे औषधवाल्यांचं वजनही आलं. एक स्क्रुपल म्हणजे वीस ग्रेन, साधारण १.३ ग्रॅम. आपल्या सोनारांच्या आठ गुंजांच्या ‘मासा’ या वजनाहून थोडं जास्त. म्हणजे सोनाराच्या काट्यावर मोजायच्या गोष्टीला हा आजार वखारीच्या काट्यावर चढवतो.

मराठीत टोचणी, रुखरुख, बोचणी आहेत, पण त्या खऱ्या चुकीनंतरही लागतात. ‘मन खातं’ तेही तसंच, कुणाचे पैसे बुडवले तर मनाने खाल्लंच पाहिजे.

खारवारा
शब्द आहे की, आणि अस्सल मराठी. मंत्रचळ. मूळ अर्थ मंत्र जपताना चूक झाली म्हणून लागलेलं वेड. नमो मारिये पहिल्यापासून म्हणणं म्हणजे अक्षरशः तेच. माझी आजी सोवळ्यात विहिरीवरून घागर आणायची, वाटेत सावली पडली वाटलं की ओतून परत. घरात सगळे म्हणायचे, तिला मंत्रचळ लागलाय. आता वर्तमानपत्रांतून डॉक्टरही ओसीडीला (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) हाच शब्द वापरतात.

केळफूल
खारवारा, शब्द चपखल आहे यात वाद नाही. पण ‘मंत्रचळ’ ऐकल्यावर लोक हसतात. तुमच्या आजीला बघूनही हसत असतील ना? मला पंधरा वर्षं कुणाला सांगता आलं नाही ते त्या हसण्यामुळेच. शिवाय आमच्याकडे ‘मंत्र’ म्हटलं की अर्ध्या बायका पत्रक मिटतील.

खारवारा
हसायचे. खरं आहे. मीही हसलोय.

निवृत्त मास्तर
“संशयात्मा विनश्यति” असं गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर माउलीही संशयाहून घोर पाप नाही असंच म्हणतात. धर्म कुठलाही असो, श्रद्धा दृढ केली की असल्या शंका उरत नाहीत.

केळफूल
मास्तर, राग मानू नका. हे वाक्य मला वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी ऐकवलंय. ऐकल्यावर मी काय करायचे सांगू? श्रद्धा दृढ आहे का ते दिवसातून चाळीस वेळा तपासून बघायचे.

डॉक्टरीण
मी मानसोपचार करते, म्हणून मास्तरांना उत्तर देते. गीतेतला संशय म्हणजे माणसाने धरून ठेवलेला संशय. केळफूलताईंचा तसा नाही. मराठीच्या क्रियापदांकडेच बघा. ‘मी शंका घेते’ यात कर्ता मी. ‘मला शंका येते’ यात मी कर्ता नाही, मला ती येते, जशी शिंक येते, उचकी येते, झोप येते. ‘संशय धरणे’, ‘संशय बाळगणे’ हे घेण्याच्या बाजूचे. हा आजार येण्याच्या बाजूचा आहे. त्यात माणूस फसतो कुठे, तर आलेल्या शंकेला तो स्वतः घेतलेली समजतो आणि तिची शिक्षा भोगत बसतो.

दुसरा शब्द ‘शंकानिरसन’. एरवी किती चांगला! इथे तोच घात करतो. पुन्हा कबुली, पुन्हा जप, फादरना फोन, नवऱ्याला “सांग ना, मी देवाला नाकारलं नाही ना?” हे सगळं निरसन. दहा मिनिटं बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की शंका एवढी मोठी होती म्हणूनच तर निरसन लागलं. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट. म्हणून उपचारात उलटं करतात: शंका येऊ द्यायची, निरसन करायचं नाही, अस्वस्थता आपली आपण ओसरेपर्यंत बसून राहायचं. हे तज्ज्ञाबरोबर, पायरीपायरीने. सोबत लागली तर गोळी, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गटातली. तिचा नीट परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि नैराश्यापेक्षा डोसही बहुधा जास्त लागतो. लोक तिसऱ्या आठवड्यात “काही फरक नाही” म्हणून सोडतात, हे माझं रोजचं रडगाणं.

शब्दांचाच धागा आहे म्हणून आणखी एक. लग्रां द्यु सोल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १८७५ साली या आजारावर लिहिताना नाव वापरलं होतं ‘फोली द्यु दूत’, म्हणजे संशयाचं वेड.

केळफूल
डॉक्टरीणबाई, येणे-घेणे वाचून मी पाच मिनिटं खुर्चीत तशीच बसले. कारण आमच्या धर्मशिक्षणात हेच आहे, मी ते कधी मराठीतून ऐकलं नव्हतं. चर्चच्या १९९२ च्या कॅटेकिझममध्ये (धर्मशिकवणीच्या अधिकृत ग्रंथात), परिच्छेद २०८८ मध्ये, विश्वासाबद्दलच्या शंकेचे दोन प्रकार केलेत: एक स्वेच्छेने केलेली, दुसरी इच्छेविना होणारी. आणि ‘प्राणघातक’, म्हणजे सर्वांत गंभीर, पाप व्हायला पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती लागते. म्हणजे घेतलेलीच हवी, आलेली चालत नाही!

आणि आमचे संत इग्नेशियस लोयोला. जेझुइट संघाचे संस्थापक, पण १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावात त्यांची दशा माझ्यासारखीच. त्याआधी मोन्त्सेरातच्या मठात तीन दिवस घेऊन, लिहून काढून, आयुष्याची पापं सांगितली होती. तरी वाटायचं, काहीतरी राहिलं. कबुली ऐकणाऱ्याने आज्ञा केली, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग. तर यांना सगळंच स्पष्ट! जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. आठवडाभर अन्न सोडलं, शेवटी त्या धर्मगुरूनेच हुकूम करून जेवायला लावलं.

पुढे त्यांनी यावर टिपणं लिहिली, त्यातलं गवताच्या काड्यांचं उदाहरण मला फार आवडतं. चालताना दोन काड्यांचा क्रूस झालेला होता, त्यावर चुकून पाय पडला. ‘मी पाप केलं’ असा निष्कर्ष स्वतः काढला तर ती नुसती समजुतीची चूक. पण नंतर बाहेरून विचार येतो, ‘पाप झालं’, आणि त्याच वेळी वाटतं, ‘नाही झालं’, मन या दोन्हींत हेलकावत राहतं, तो खरा स्क्रुपल, मनातला खडा. *बाहेरून येतो.* आला ना तुमचा ‘येणे’!

गुंजभर
व्वा. आणि त्यात भर: संस्कृतात ‘शंका’चा एक अर्थ भीती. मराठीत तो ‘निःशंक’मध्ये उरलाय. निःशंक म्हणजे प्रश्न न पडणारा नव्हे, न भिणारा. केळफूलताईंच्या रांगेतली शंका या जुन्या अर्थाची वाटते. तो देवाबद्दलचा प्रश्न नाहीच, धाक आहे.

(लघुशंकेबद्दल कुणी विचारायच्या आत: तो विषय वेगळ्या धाग्यात.)

खारवारा
मदर तेरेसांनाही हाच आजार होता का? २००७ मध्ये त्यांची पत्रं बाहेर आली, त्यात देव जाणवतच नाही असं लिहिलं होतं.

डॉक्टरीण
देव जाणवत नाही हे एक. तपासून तपासून थकणं हे दुसरं. पत्रं वाचून मी मेलेल्या माणसाचं निदान करणार नाही.

निवृत्त मास्तर
माझं वाक्य जरा घाईचं झालं. येणे-घेणे पटलं. पण मग धर्मगुरूंचं काम काय उरलं? सगळं दवाखान्यातच?

केळफूल
उलट मला दवाखान्यात पाठवलं फादरनीच, मास्तर. चौथ्यांदा तेच पाप घेऊन गेले तेव्हा जाळीपलीकडून म्हणाले, “बाळ, हे मी ऐकणार नाही. हे माफ झालंय. तू डॉक्टरकडे जा आणि पुढच्या महिन्यात ये.” मला तेव्हा अपमान वाटला होता. नंतर डॉक्टर आणि फादर यांनी मिळून (माझ्या परवानगीने फोनवर बोलून) ठरवलं: एकच कबुलीदाता, महिन्यातून एकदा, पाच मिनिटं, यादी आणायची नाही. आमेन एकदाच. दुसऱ्यांदा मनातसुद्धा म्हणायचं नाही. आधी मी दर शनिवारी कानाला खडा लावायचे, रविवारी तोच खडा चपलेत.

पहिल्या रविवारी आमेन म्हणून बाकावर आले तेव्हा तळहात एवढे ओले की गाण्याच्या पुस्तकाचं पान चिकटलं. शंका आली होती. बसली शेजारी. शेवटच्या गाण्यापर्यंत होती, मग घरी कोळंबी साफ करताना लक्षात आलं की ती कधीतरी उठून गेली.

डॉक्टरीण
पत्रकात शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर टाका, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, तेव्हाच कुणाला तरी सांगा, असंही ठळक लिहा.

केळफूल
टाकते. मसुदा काल माझ्या मावशीला वाचून दाखवला. वय एकोणऐंशी, रोझरी तिचीही तीनतीनदा चालते, हे मला कालच कळलं. म्हटलं, “मावशी, शंका तुला येते, तू घेत नाहीस.” थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरं. पण आली तर तिला पाट द्यायचा का नाही?”

गुरुवारी तिची डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. मथळा अजून ठरत नाही. ‘नको असताना येणाऱ्या शंका’ इथवर आलेय, कुणाला याहून आटोपशीर सुचत असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, छापखान्यात द्यायचंय.

गुंजभर
‘आगंतुक शंका’?

केळफूल
मावशीला विचारते.