बिनदुधाची कोजागरी आणि महिन्याचा किराणा

मेधा (बी-३०४): नमस्कार मंडळी. एक घरगुती प्रश्न आहे. ओंकार पुढच्या आठवड्यात बंगळुरूहून येतोय, दिवाळीपर्यंत घरूनच काम करणार. त्याने वर्षभरापासून दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं सोडलंय. विगन झालाय. येण्याआधी सामानाची यादी पाठवली: ओट्सचं दूध, बदामाचं दूध, टोफू, विगन चीज, विगन बटर. ऑनलाइन किमती बघितल्या. ओट्सचं दूध लिटरला अडीचशे-तीनशेच्या घरात! एकट्यासाठी एवढं आणायचं तर बाकीच्यांच्या किराण्याला कात्री लावावी लागेल. पोराच्या मताला नावं ठेवायची नाहीत आणि त्याला पोटभर खाऊही घालायचंय. कोणी असं खाणारं असेल तर सांगा ना.

शरदकाका (ए-१०१): मेधा, स्पष्टच बोलतो, राग मानू नकोस. दूध-तुपाशिवाय अंगात ताकद कुठून येणार? आमच्या पिढीने काय शेंगदाण्यांवर दिवस काढले का?

सुलभाकाकू (बी-१०२): शरदभाऊ, आमच्या मालवणात काढलेत की! दूध होतंच कुणाकडे एवढं? नारळ होता, कुळीथ होते, भात होता.

अनघा (सी-६०२): मेधाताई, आमच्या घरात मी आणि निखिल दोघंही काही वर्षांपासून असंच खातो, तेही माझ्या एका शिक्षिकेच्या पगारात, कारण मध्ये निखिलची नोकरी नव्हती. त्यामुळे पैशांचा प्रश्न मला नीट माहीत आहे. जरा मोठं लिहिते.

ओंकारची यादी बघा. पाचही वस्तू दुधाच्या जागी काहीतरी आणायच्या आहेत. दुधाऐवजी दूध, पनीरऐवजी टोफू, बटरऐवजी बटर. खर्च सगळा तिथेच होतो. आमच्या घरचा नियम साधा आहे: रोजच्या ताटात दुधाची नक्कल करायचीच नाही. नक्कल करायची ती सणावाराला, आवडीने, आणि शक्यतो घरी.

रोज काय? तुम्ही करता तेच. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, आमटी-भात, भरली वांगी, मेथीची भाजी, थालीपीठ, ठेचा. यात दूध असतं कुठे? तूप फक्त वरून असतं. वरणभातावर तुपाऐवजी लसूण-जिऱ्याची तेलाची फोडणी घाला. भाकरीवर लोण्याऐवजी कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि कच्चं शेंगदाणा तेल. महिन्याचा किराणा वाढत नाही, उलट दुधाचं बिल कमी होतं.

चहाचं मात्र खरंच जड जातं, खोटं कशाला सांगू. आम्ही सकाळी गवती चहा, आलं, लिंबू घालून कोराच घेतो. आता त्याचीच सवय झालीय.

मेधा (बी-३०४): अनघा, किती बरं वाटलं वाचून. पण दह्याचं काय? त्याला दहीभात आणि कढी जीव की प्राण.

अनघा (सी-६०२): दही घरी होतं, शेंगदाण्याचं. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवा. सकाळी हाताने चोळून सालं काढा, पाणी बदलत राहा म्हणजे सालं वर तरंगतात. मग चार वाट्या पाण्यात मिक्सरला अगदी बारीक वाटा आणि सुती फडक्यातून घट्ट पिळून गाळा. हे दूध मंद आचेवर उकळायचं आणि ढवळणं सोडायचं नाही, कारण ते खाली लागतं आणि लागलं की सगळ्याला जळका वास येतो. उकळी आली की पाच-सात मिनिटं ठेवून उतरवा. बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की सात-आठ हिरव्या मिरच्या देठांसकट धुऊन त्यात बुडवा. देठ महत्त्वाचे, विरजण त्यांनीच लागतं. झाकून उबेला ठेवा. रात्रीपर्यंत लागतं, थंडी असेल तर सकाळ उजाडते.

पहिलं दही सैल होतं आणि मिरचीचा किंचित वास येतो. ते कढीला वापरा, बेसन आणि कढीपत्त्यात वास राहत नाही. त्यातलंच दोन चमचे पुढच्या दह्याला विरजण म्हणून लावा, ते छान घट्ट लागतं. फडक्यातला चोथा टाकू नका. लसूण-तिखट घालून परतला की भाकरीबरोबर खाता येतो.

शेंगदाणे साधारण दीडशे रुपये किलो धरले तरी एका वाटीचे वीस-पंचवीस रुपये होतात.

नेहा (डी-७०४): मिरचीच्या देठांनी दही?? 😮 करून बघणार.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी १० ते १ पाण्याची टाकी धुतली जाईल. पाणी भरून ठेवावे.

बालाजी (डी-२०२): मेधाताई, टोफूचं मी सांगतो. मी लातूरचा, आमच्या रानात सोयाबीनच असतंय. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नास रुपयेसुद्धा नाही. आणि दुकानात दोनशे ग्रॅम टोफूचं पाकीट बघा कितीला आहे! शेतकऱ्याला काय मिळतं आणि पाकिटाला काय लागतं, हे बघून जीव तुटतो. घरी करा. एक किलो सोयाबीनचा दीड किलोच्या आसपास टोफू होतो.

रात्रभर भिजवायचं, सालं काढायची, वाटायचं, गाळायचं. मग ते दूध दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळायचं. कच्चं सोयाबीन पचत नाही, त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत, ते उष्णतेनंच जातात. मोठं पातेलं घ्या, फेस येऊन उतू जातं. नंतर गॅस बंद करून, जरा निवलं की पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालायचा. पनीरसारखं फाटतं. फडक्यात बांधून वर खलबत्ता ठेवायचा.

मेधा (बी-३०४): बालाजीभाऊ, सोयाबीन गावाकडून आणता का? दोन किलो मला हवं. पैसे देणार, आधीच सांगते.

बालाजी (डी-२०२): दिवाळीला भाऊ येतोय, आणायला सांगतो.

शरदकाका (ए-१०१): सगळं छान आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला. संगमनेरला आमच्या घरी आजही म्हशी आहेत. दुधाच्या पैशांवर आम्ही तिघं भाऊ शिकलो. कोणी दूध वाईट म्हटलं की मला लागतं.

अनघा (सी-६०२): काका, तुमचं लागणं मला समजतं. माझ्या आजोळीही गोठा होता. मी दूध सोडलं ते रेडकांमुळे. नर रेडकू जन्मलं की त्याचं पुढे काय होतं ते मी लहानपणी बघितलंय आणि ते मनातून गेलं नाही. तुमच्या घरच्यांनी जनावरं जिवापाड सांभाळली असतील यात मला शंका नाही. मी कुणाला सोडा म्हणत नाही. ज्याने सोडलंय त्याला स्वस्तात आणि आनंदाने कसं जेवता येईल एवढंच सांगतेय.

शरदकाका (ए-१०१): ठीक आहे. माझं मत बदललेलं नाही, पण तुझं म्हणणं ऐकलं.

डॉ. स्मिता (ए-५०३): काकांच्या ताकदीच्या प्रश्नाला उत्तर देते. डाळी-कडधान्यांत शंभर ग्रॅमला साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये ३५ च्या वर. पण हे कोरड्या धान्याचं. शिजल्यावर पाणी धरतं, म्हणून वाटीभर घट्ट वरणातून सात-आठ ग्रॅमच मिळतात. पातळ आमटीचं नुसतं पाणी भातावर घेतलं तर फारसं काही मिळत नाही. दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ, शिवाय मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, असं ठेवा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. लोहासाठी पालेभाजी-कडधान्यांवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहाने लोह कमी शोषलं जातं.

मात्र बी-१२ या जीवनसत्त्वाला पर्याय नाही. ते जिवाणू तयार करतात आणि वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाचं मिळत नाही. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) खाल्लं म्हणून भागत नाही. कमतरता झाली की थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा दिसतो, आणि फार काळ दुर्लक्ष झालं तर नसांचं नुकसान भरून येत नाही. ओंकार आला की रक्त तपासून घे आणि त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा. जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, ते प्राण्यांपासून बनतं. त्याला चालणार नाही, म्हणून गोळी माग. आणि खरं सांगायचं तर दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही बी-१२ कमी सापडतं, तेव्हा बाकीच्यांनीही तपासायला हरकत नाही.

मेधा (बी-३०४): स्मिता, हे फार महत्त्वाचं सांगितलंस. लिहून घेतलं. बिस्किटांचं काय गं? हिरवा ठिपका असला की चालतं ना?

अनघा (सी-६०२): नाही ताई. हिरवा ठिपका शाकाहारी म्हणजे त्यात दूध असू शकतं. बऱ्याच बिस्किटांत, टोस्टमध्ये दूध पावडर असते. मागची घटकांची यादी वाचायची. विगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) २०२२ मध्ये वेगळे नियम आणले, त्याचं हिरवं ‘व्ही’चं चिन्ह आहे. पण ते नसलं म्हणजे पदार्थात दूध आहेच असं नाही. साधी चिक्की, चुरमुरे, फुटाणे, पोहे यांत दुधाचा काय संबंध? चिन्हाच्या मागे लागलात की पुन्हा महाग पाकिटांकडे जाल.

केतन (सी-२०१): अनघाताई, माझा वेगळाच प्रॉब्लेम आहे. मीही प्रयत्न केला होता. घरचं जमतं हो, पण मित्रांबरोबर बाहेर गेलं की सगळे पिझ्झा, आइस्क्रीम खाणार आणि मी पाणी पिणार. दोन महिन्यांत सोडून दिलं.

अनघा (सी-६०२): केतन, म्हणून तर लाड हवेतच. नुसतं कडक राहून कोणी टिकत नाही. आम्ही किराण्याच्या पैशांतून दर महिन्याला थोडे बाजूला काढतो, ते फक्त चैनीचे. कधी डार्क चॉकलेट (यादी वाचून, काहींत दूध असतं), कधी विगन आइस्क्रीमचा छोटा कप. महाग असतं, पण महिन्यातून एकदा खाल्लं तर चवीने खाल्लं जातं. तेच रोजच्या फ्रीजमध्ये आलं की कौतुकही जातं आणि पैसेही जातात.

आणि रस्त्यावरचं सोडलंयस का? वडापाव, भेळ, पाणीपुरी, कांदाभजी, मिसळ (दही नको सांगून), दाबेली आणि पावभाजी बटरऐवजी तेलावर, डोसा तूप-लोणी न लावता. उन्हाळ्यात कालाखट्टा गोळा, उसाचा रस. पाव मात्र बेकरीत एकदा विचारून घे, काही ठिकाणी वरून दूध किंवा बटर लावतात.

सुलभाकाकू (बी-१०२): आणि गोड? गोडाची तर आमच्याकडे खाण आहे. शिरवाळे आणि नारळाचा रस केलात का कधी? तांदळाच्या उकडीच्या गरम शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून खायच्या. खापरोळीसुद्धा त्याच रसात. पुरणपोळी आम्ही नारळाच्या दुधाशीच खातो, तुपाची आठवण येत नाही. मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल घाला, खाण्याचं हो. यातलं काहीही आम्ही कुणासाठी मुद्दाम शोधलेलं नाही, आजीच्या वेळेपासून असंच आहे.

नेहा (डी-७०४): काकू, आमच्या फोंड्याला मणगणं! चणाडाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचं दूध, वरून काजू. नैवेद्याला लागतंच. आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. ओंकारदादासाठी मी मणगणं पाठवते.

मेधा (बी-३०४): डोळ्यांत पाणी आणलंत सगळ्यांनी. 🙏 आता एक शेवटचं. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध असतं. तो लहानपणापासून पातेलं ढवळायला पुढे असायचा. या वेळी नुसता बसून राहील.

अनघा (सी-६०२): अजिबात नाही. नक्कल करायची ती अशाच रात्री. तुकडा काजू आणा, अख्ख्यापेक्षा स्वस्त मिळतो. काजू आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) कोमट पाण्यात दोन तास भिजवून गंधासारखं वाटायचं. शंभर ग्रॅम काजू, पन्नास ग्रॅम मगज, पाणी लिटरभर. गाळायची गरज नाही. तापवलं की आपोआप दाटतं, म्हणून ढवळत राहायचं. त्यात साखर, केशर, वेलची, जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप. दहा-बारा छोटे कप होतात.

सुलभाकाकू (बी-१०२): उतरवताना वाटीभर नारळाचं दूध घाला. नंतर उकळू नका, फुटतं.

शरदकाका (ए-१०१): दोन पातेली वेगळी ठेवा आणि डावही वेगळे, म्हणजे त्या मुलाला शंका नको. आमच्याकडे जुनं पितळी कल्हईचं पातेलं आहे, ते मी आणतो. आणि ते दुसरं दूधही मी पिऊन बघणार.

सेक्रेटरी: कोजागरीच्या वर्गणीतून काजू-मगजचा खर्च करण्यास समितीची हरकत नाही. विगन मसाला दूध किती जणांना हवे, कृपया आज रात्रीपर्यंत फ्लॅट क्रमांकासह कळवावे.

केतन (सी-२०१): सी-२०१, एक.

नेहा (डी-७०४): डी-७०४, तीन. आईलाही हवंय, तिला दूध पचत नाही.

डॉ. स्मिता (ए-५०३): ए-५०३, दोन.

बालाजी (डी-२०२): डी-२०२, चार. सोबत भाजलेल्या शेंगा आमच्याकडून.

मेधा (बी-३०४): बी-३०४, पाच, आम्ही सगळेच. केशर माझ्याकडे आहे, विकत आणू नका.