दिवाळीच्या बाजारातली गर्दी : आपापले अनुभव लिहा

अबोली
आज माळा आवरताना आईची जुनी रेक्झिनची पर्स सापडली. तिच्या तळाशी चार बोटे लांबीचा सरळ काप आहे आणि आतून खाकी कापडाचा तुकडा लावून आईने तो काळ्या दोऱ्याने शिवलेला आहे. हा ब्लेडचा काप तुळशीबागेतला, १९८६ च्या दिवाळीतला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. राममंदिराजवळच्या बोळात आई रांगोळीचे रंग पाहत होती. तिच्या उजव्या हातात पणत्यांची पिशवी होती, डाव्या हाताला मी होते आणि पर्स काखेत होती. मागून कोणीतरी ‘ताई, जरा सरका’ म्हणाले, आई सरकली, आणि रंगांचे पैसे द्यायला तिने पर्समध्ये हात घातला तेव्हा तिची बोटे तळातून बाहेर आली. पैशांबरोबर रेशनकार्डही गेले. बाजारात ज्याचे काम नाही तो कागद घरीच ठेवायचा, हा आमच्या घरातला नियम तेव्हापासूनचा.

तुमचेही असे काही असेल तर लिहा. काय गेले ते तर लिहाच, पण त्या क्षणी लक्ष नेमके कुठे होते तेही आठवून लिहा.

खडीसाखर
माझी आजी नऊवारी नेसायची आणि पैसे कनवटीला लावायची. तिचे आयुष्यात कधी काही गेले नाही; फक्त वाण्याला पैसे देताना तिला भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागे. ‘तुम्ही पाचवारीबरोबर पर्स घेतलीत आणि चोरांची सोय केलीत,’ असे ती माझ्या आईला सुनावत असे.

दोन_पिशव्या
रानडे रोड, धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार, मुलगा पाच वर्षांचा. कंदिलाचा भाव ठरवताना मी त्याचा हात सोडला, कारण दुकानदार कंदील उघडून दाखवत होता आणि मला कागदाची जोडणी बघायची होती. मान वळवली तर मुलगा नाही. निघताना त्याच्या दंडावर बॉलपेनने माझा नंबर लिहिला होता, पण घामाने त्यातले शेवटचे तीन आकडे पुसले होते. सुदैवाने ‘हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब’ हे मात्र त्याला पाठ होते, त्यामुळे तो समोरच्या बांगडीवाल्या मावशींच्या स्टुलावर बसून चुरमुरे खात होता. मावशी मला एवढेच म्हणाल्या, ‘रडायचं नंतर, आधी पोराला पाणी पाज.’ आता नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून त्याच्या खिशात असतो, आणि निघण्यापूर्वी आम्ही त्याचा एक फोटो काढतो, म्हणजे त्या दिवशीचे कपडे कोणते हे घाबरलेल्या अवस्थेत आठवत बसावे लागत नाही.

अबोली
@दोन_पिशव्या, वाचतानाच पोटात गोळा आला. फोटोची युक्ती फार उपयोगी आहे.

सकाळची_लोकल
चोरीबद्दल नाही, गर्दीबद्दलच लिहितो. तेव्हा माझे कार्यालय परळला होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अचानक आलेल्या पावसामुळे लोक एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर थांबले, लोकलमधून उतरणाऱ्यांची भर पडत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. मी रोज त्याच पुलावरून जात असे. त्या दिवशी मला उशीर झाला होता. स्थानकाचे नाव आता प्रभादेवी आहे, पण जिन्यावर पाय ठेवताना मला अजून जुनेच नाव आठवते. तेव्हापासून सणाच्या दिवसांत मी झेंडू घ्यायला दादरला पहाटेच जातो. गर्दीत सापडलोच तर दोन्ही हात छातीसमोर वाकवून धरतो, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. खाली पडलेली चप्पलसुद्धा उचलायला वाकत नाही, आणि रेट्याच्या विरुद्ध न ढकलता, तो ओसरला की तिरका सरकत कडेला येतो. जिन्यावर थांबून फोन घेणाऱ्या माणसाला मी सरळ ओरडतो. उद्धट म्हटले तरी चालेल.

गादीवरून
मी २२ वर्षे लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात आहे, तेव्हा आमच्या बाजूने काय दिसते ते सांगतो. ताई गादीवर बसतात, पर्स मांडीशेजारी ठेवतात, आणि आम्ही एकामागून एक साड्या उलगडून टाकतो. दहाव्या साडीला पर्स ढिगाखाली गेलेली असते, आणि ताई खांद्यावर पदर टाकून आरशात बघत असतात. शेजारी बसलेली बाई गिऱ्हाईक आहे की आणखी कोणी, हे आम्हालाही कळत नाही, कारण तीही साड्याच उलगडायला सांगत असते. पर्सचा बंद मनगटात अडकवून बसा. पडताळायला दागिने काढून गादीवर ठेवू नका, ही विनंती. मोत्यांचा एक सर आम्हाला तिसऱ्या दिवशी पैठणीच्या घडीत सापडला होता, आणि तोवर आमच्या दोन मुलींकडे सगळे संशयाने बघत होते.

खडीसाखर
@गादीवरून, त्या मुलींची नंतर कोणी माफी मागितली का?

गादीवरून
पेढे पाठवले. माफी नाही.

निवृत्त_कॅशियर
आता ब्लेड लागत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी दिवाळीपूर्वी जुना सोफा विकायला काढला. घेणाऱ्याने ‘पैसे पाठवतो, तुम्ही फक्त कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगितले आणि त्यांच्याच खात्यातून आठ हजार रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही, हे मी त्यांना आधीही सांगितले होते, परंतु त्या वेळी घरात रंगारी होते, चकल्या तळणीत होत्या आणि फोनवरचा माणूस घाई करत होता. असे घडले तर लाज वाटून रात्र काढू नये, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढे पळवले जाण्यापूर्वी खात्यात अडवता आले तर वाचतात, म्हणून तिथे मिनिटांना किंमत आहे.

भिंगरी
माझा फोन मंडईत गेला. पिशवीत वर कोथिंबीर, खाली फोन, असा माझा बंदोबस्त होता. कोथिंबीर शाबूत होती.

निवृत्त_कॅशियर
@भिंगरी, पोलिसांत तक्रार नोंदवून, हरवलेल्या फोनांसाठीच्या सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन फोन बंद पाडता येतो. तो क्रमांक फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून खोके रद्दीत देऊ नका. सिमकार्डही त्याच दिवशी बंद करून घ्या.

भिंगरी
खोके कालच रद्दीत गेले. दिवाळीची साफसफाई.

अबोली
@भिंगरी, पावती मिळते का बघ, तिच्यावरही बहुधा क्रमांक असतो.

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. साड्यांच्या ढिगाचे ऐकून ती म्हणाली, ‘हे खरं आहे, माझी छत्री अशीच गेली.’ पर्सचा काप मात्र तिने बोटाने चाचपून पाहिला आणि टाके तिचे नव्हेत, माझ्या बाबांचे आहेत, असे सांगितले. त्या दिवशी तिने घरी आल्यावर पर्स कोपऱ्यात फेकली होती आणि पुन्हा हातात घेणार नाही म्हणाली होती. भाऊबीजेला बाहेर पडताना ती शिवून खुंटीला लावलेली होती.